बदकाचा कागद

बस म्हटलं आणि बसली, तर ती कात्रीमावशी कसली. सुनेनं हॉलच्या कोपऱ्यात तिच्यासाठी खास खुर्ची मांडली होती. पाठीला उशी, बाजूला पाण्याची बाटली. मावशी टेकली, घोटभर पाणी प्यायली आणि उठली. पुन्हा टेकली, पुन्हा उठली. पंचेचाळीस वर्षं शिवणाच्या मशीनवर बसून काढलेली बाई, पण बिनकामाचं बसणं तिला टाचणीवर बसल्यासारखं वाटायचं. त्यात आज भिंतीवर तिचं काम टांगलेलं. म्हणजे नाव सुनेचं, पण काम तिचं. निदान मावशी तरी तसंच धरून चालली होती.

हॉल पूर्वी कुणाचं तरी गोदाम होतं. वस्तीतल्या लोकांनी झाडून, पुसून, चुना मारून तिथं वर्षातून एका संध्याकाळी आपापली कला मांडायची असं ठरवलेलं. कला म्हणजे ज्याला जे जमेल ते. घड्याळजीनं बोटींची चित्रं काढली होती, सगळ्या बोटी डावीकडेच चाललेल्या. बसच्या ड्रायव्हरनं तारेचे पक्षी केले होते. निवृत्त नर्सबाईंनी पानांचे ठसे उठवले होते. लोक कामांपुढे थांबत होते, मान वाकडी करून बघत होते. मावशी मात्र लोकांच्या पाठी बघत फिरत होती. याची कॉलर बसलेली नाही, तिच्या बाहीला झोल आहे, आणि या जाड्याचा कोट ज्यानं शिवला त्याला पोलिसात द्यायला हवा.

आणि मधल्या मोठ्या भिंतीवर सुनेची मांडणी होती. छतापासून सोडलेल्या दोऱ्यांना चाळीसेक खाकी कागद टांगलेले, मागून दिव्याचा उजेड. हलक्या वाऱ्यानं ते कागद असे हलायचे की वाटावं, माणसं रांगेत उभी आहेत आणि कंटाळून पाय बदलतायत.

ते कागद काय होते, ते सांगायला हवं. मावशीची शाळा दुसरीत सुटली. आकडे पक्के, पण अक्षरं तिच्यापुढे मुंग्यांसारखी पळायची. म्हणून तिनं गिऱ्हाइकाचं नाव कधी लिहिलं नाही. प्रत्येकाला एक खूण काढून द्यायची. छत्री, किटली, शिडी, मासा. मापाच्या कागदावर ती खूण, शिवून झालेल्या कपड्याच्या चिठ्ठीवर ती खूण. दुकानात नेहमी येणाऱ्या बायकांना बहुतेकांच्या खुणा पाठ. हेडमास्तरांची खूण कंगवा होती, कारण त्यांना टक्कल होतं, आणि हे खुद्द हेडमास्तरसुद्धा हसून सांगायचे.

प्रत्येक गिऱ्हाइकाचा एक कागद, त्याच्या अंगाच्या मापानं कापलेला. बहुतेक सगळे कागद अर्धे असतात. माणसाचं अंग डावीकडून उजवीकडून सारखंच आहे असं धरून शिंपी अर्ध्या अंगाचाच कागद कापतो. कापडाची घडी घालायची, कागद घडीवर ठेवायचा, एका कापणीत दोन्ही बाजू निघतात. जो अंगानं सारखा नसतो, म्हणजे खांदा उतरलेला, पाठ वाकडी, त्याचाच अख्खा कागद लागतो. अख्खा कागद बघितला की जाणत्याला कळतं, इथं काहीतरी आहे.

जिवंत गिऱ्हाइकांचे कागद दुकानात हुकांना लटकलेले असत. माणूस गेलं की त्याचा कागद उतरायचा आणि मागच्या खोलीतल्या पत्र्याच्या ट्रंकेत जायचा. मावशीला ते फेकवत नसे. ट्रंकही गल्लीला ठाऊक होती. म्हातारे एकमेकांना म्हणायचे, फार खोकतोयस, ट्रंकेत जायचा बेत दिसतोय.

आणि एक गोष्ट. मावशी तोंडानं फाटकी होती, समोरच्याची तीन पिढ्यांची अब्रू एका दमात काढायची. पण मापाच्या पडद्याआड जे कळलं, ते पडद्याबाहेर कधी आलं नाही. कुणाला कुबड येतंय, कुणाला दिवस गेलेत आणि घरात अजून सांगितलेलं नाही, कुणाच्या पाठीवर वळ आहेत. तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही, आणि तो बिचारा विचारून विचारून दमला आणि एक दिवस स्वतःच ट्रंकेत गेला. बायका मावशीच्या शिव्या खाऊन तिच्याकडेच का शिवायच्या, ते यामुळे.

बारा दिवसांपूर्वी सुनेनं ट्रंक मागितली होती. सून शाळेत चित्रकला शिकवायची, दुकानात फिरकायची नाही, त्यामुळे कुठली खूण कुणाची ते तिला ठाऊक नव्हतं. घरात दोघींचं म्हणाल तर भांडण नव्हतं, पण दोघींच्या मधून चालताना लेक अंग चोरून चालायचा, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. सून म्हणाली, आई, त्या जुन्या कागदांची मी एक मांडणी करीन म्हणते, तुम्हाला चालेल का. मावशीच्या दातांत दोरा होता, समोर घाईचं गिऱ्हाईक होतं. तिनं मान वर न करता सांगितलं, उचल ती ट्रंक, जागा तरी होईल, गेलेल्यांना काय विचारायचंय.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हेच. पण ते मावशीला आज, आत्ता, सहाच्या सुमाराला कळलं.

त्याआधीचा तास तिचा झकास गेला होता. बेकरीवाला आपल्या आईच्या कागदापुढे उभा राहून डोळे पुसत होता. आईचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली होता, जन्मभर कणीक मळून. तो बायकोला म्हणाला, फोटोत आई सरळ दिसते, पण ही खरी. ते मावशीनं ऐकलं आणि तिची मान बोटभर ताठ झाली. लोक येऊन हात हातात घेत होते, मावशी म्हणत होती, हो हो, पण नाक पुसा आधी. सुनेला कुणी शाबासकी दिली की मावशी तिच्या मागे जाऊन उभी राहायची, शाबासकीचा उरलासुरला भाग आपल्याला मिळावा म्हणून. चष्मा मात्र पिशवीतच होता. कागद आपलेच, ते काय बघायचे.

सहा वाजता तिनं चष्मा लावला. सहज, एका कागदाची कापणी बघावी म्हणून. आणि तिची नजर मधल्या कागदावर गेली.

सुनेनं तो बरोबर मध्यभागी टांगला होता, उजेडाच्या तोंडावर, कारण आजूबाजूला बहुतेक अर्धे आणि हा अख्खा. उजव्या बाजूला छातीच्या उभाराला जागा देणाऱ्या टक्सच्या दोन रेघा. डावी बाजू सपाट, एकही टक्स नाही. आणि त्या सपाट बाजूवर, आतल्या अंगानं, तुटक रेघांनी काढलेला गोल खिसा, कापूस भरायचा. शिवण न येणाऱ्यालाही कळावं इतकं स्वच्छ काम. खाली कोपऱ्यात खूण: बदक.

बदक म्हणजे टपालबाई. टपालाच्या काउंटरवर तिकिटं विकणारी. वीस वर्षांपूर्वी धो धो पावसात पहिल्यांदा दुकानात आली, दारात रेनकोट असा झटकला की मावशी म्हणाली, आलं बदक. त्या खुणेवर टपालबाई स्वतः पोट धरून हसली होती. आणि टपालबाई मेलेली नव्हती. चांगली जिवंत होती, आणि सात वाजता काउंटर बंद करून इथंच येणार होती. बोलावलं होतं मावशीनंच. चार दिवसांपूर्वी फुशारकीनं सांगितलं होतं, ये गं, माझं काम भिंतीवर लागलंय.

दोन वर्षांपूर्वी टपालबाईचं ऑपरेशन झालं. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात, कुणालाही न सांगता. ऑफिसात रजेचं कारण पोटाचं दिलं. परत आल्यावर ती एका दुपारी दुकानाचं दार आतून लावून मावशीपुढे उभी राहिली आणि म्हणाली, मावशी, तुम्हाला सांगावंच लागेल, नाहीतर कपडे कोण शिवणार. जगात तिच्याखेरीज हे माहीत असलेली मावशी एकटी. मावशीनं नवा अख्खा कागद कापला. तो हुकाला लावला असता तर दुकानात येणाऱ्या प्रत्येकीनं वाचला असता. म्हणून हुकावर जुना, ऑपरेशनाआधीचा कागद तसाच ठेवला, आणि नवा ट्रंकेत, तळाशी, गेलेल्यांच्या खाली. तिथं कोण बघायला जातंय. लागला की काढायचा, झालं की ठेवायचा. चार महिन्यांपूर्वी टपालबाईचा कोट शिवला, तेव्हा काढला होता. आणि मावशीची खात्री होती की तेव्हापासून तो मशीनच्या खणात आहे. पण हाताला सवय असते. हातानं तो मुकाट्यानं ट्रंकेत नेऊन ठेवला होता आणि डोक्याला कळवलंच नव्हतं.

भिंतीपाशी एक पाटी होती. मावशीनं तारेच्या पक्ष्यांजवळ उभ्या असलेल्या एका पोरीला विचारलं, काय लिहिलंय गं. पोरगी मोठ्यानं वाचू लागली: आता आपल्यात नसलेल्या माणसांची मापं. मावशी म्हणाली, हळू वाच, बहिरी नाही मी.

मग तिचं भिरभिरणं सुरू झालं. दारापर्यंत जायची, रस्ता बघायची, परत यायची. साडेसहा. कागदापुढे दोघं उभे, एकाच्या हातात फोन, फोटो काढतोय. मावशी मध्ये जाऊन उभी राहिली. तो म्हणाला, मावशी, जरा बाजूला. ती म्हणाली, मी काय खांब आहे का, बाजूला कशी होऊ. पण तो दुसऱ्या बाजूनं गेला आणि फोटो काढलाच.

सेक्रेटरी म्हणून एक चष्मेवाले गृहस्थ होते, सगळा कारभार त्यांच्याकडे. मावशीनं त्यांना गाठलं. ते म्हणाले की नियम सगळ्यांना सारखे, आठ वाजेपर्यंत मांडलेल्या वस्तूला हात लावायचा नाही, कलाकाराला विचारूनसुद्धा नाही. आणि दोरीच्या पलीकडे जायचं नाही. मावशीनं त्यांच्या सदऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, तुमच्या पाठीवरची शिवण उसवलीय, आधी ती सांभाळा. शिवण काही उसवलेली नव्हती. पण गृहस्थ त्यानंतर तासभर भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

उरली सून. ती चारजणांत उभी राहून काहीतरी समजावत होती, हात हलवत, गाल लाल. मावशीनं तिला दंडाला धरून बाजूला घेतलं.

"तो मधला काढ."

"कुठला मधला?"

"अख्खा. बदकाचा. आत्ताच्या आत्ता काढ."

सुनेनं विचारलं, का. कारण काय सांगणार. खरं सांगावं तर दोन वर्षं पोटात ठेवलेलं गेलं. एकीला सांगितलं की झालं. मग ती सून असो नाहीतर रस्त्यावरची. आणि ते बदक जिवंत आहे, एवढं जरी म्हटलं, तरी सून मास्तरीण आहे, दोन अधिक दोन तिला येतात. मावशीच्या तोंडाला जे पहिलं आलं, ते नेहमीचंच आलं.

"फसलाय तो कागद. चुकीचा बेतलाय. माझी लाज निघते त्यानं."

सून अगदी हळू आवाजात बोलली, की शेजारच्यालाही ऐकू जाऊ नये.

"आई, लग्नाला बारा वर्षं झाली. माझ्या एका तरी कामाला बरं म्हणालात का तुम्ही? आज लोक म्हणतायत, तर आजसुद्धा खोट काढायचीच. लोक सगळ्यात जास्त वेळ त्याच कागदापुढे थांबतायत. मी नाही काढणार."

आणि ती पाहुण्यांकडे परत गेली, हसत. ते हसू टाचण्यांनी लावल्यासारखं दिसत होतं. मावशीला एरवी यावर सात उत्तरं सुचली असती. पण सून खोटं बोलत नव्हती.

पावणेसात. मावशीनं पुन्हा दाराकडे चक्कर मारली. कोपऱ्यावरच्या टपाल ऑफिसाचा दिवा अजून चालू होता. तिनं मनाशी बेत केले. टपालबाईला रस्त्यातच अडवावं, चक्कर आल्याचं सोंग करावं, घरी पोहोचव म्हणावं. पण मग हे लोक? हॉलमध्ये अर्धी गल्ली होती, आणि उरलेली अर्धी वाटेवर. दिवा घालवावा का? बटण कुठं असेल? खुर्चीवर बसली, उठली. पाण्याची बाटली उघडली, न पिता बंद केली.

तेवढ्यात बेकरीवाल्याचा आवाज आला. तो आईच्या कागदापासून सरकत सरकत मध्यावर आला होता.

"हे बदक कुणाचं गं?"

"बदक टपालबाईंचं," त्याची बायको म्हणाली. "पण त्या कुठं गेल्यात? सकाळी तिकिटं घेतली की मी त्यांच्याकडून."

दोघं हसले. तो म्हणाला, मावशीनं टपालबाईला घाई केली की काय ट्रंकेत घालायची. पाठीमागे आणखी दोघंतिघं हसली. मग बेकरीवालीचं हसू थांबलं. ती बाई होती, तिला टक्स कळत होते. तिनं मान पुढे केली, उजवी बाजू बघितली, मग डावी बघितली, आणि तिचा हात आपोआप आपल्या छातीशी गेला.

मावशीनं दोरी उचलली नाही, ओलांडली. अडुसष्टाव्या वर्षी, गुडघ्याएवढी उंच दोरी, एका ढांगेत. पिशवीतून काज कापायची छोटी कात्री काढली आणि मधल्या कागदाचे दोन्ही दोरे कापले. कागद खाली यायच्या आत छातीशी धरला. आणि मग तिनं असं केलं जे जन्मात केलं नव्हतं: मापाच्या कागदाची घडी घातली. मापाचा कागद गुंडाळायचा असतो, घडी घालायची नसते, घडीनं माप हलतं. तिनं चार घड्या घातल्या आणि पिशवीत कोंबला.

सेक्रेटरी भिंतीला पाठ लावूनच ओरडू लागले, हे काय, हे काय. सून गर्दीतून पुढे आली. ती ओरडली नाही. भिंतीच्या मध्यभागी दोन तुटके दोरे लोंबत होते, त्यांच्याकडे बघत राहिली. आणि मावशीनं सगळ्यांच्या तोंडावर, मोठ्या आवाजात सांगून टाकलं की वाईट बेतलेलं काम माझ्या नावावर मला नको, ज्याला राग यायचा त्याला येऊ दे.

लोक काय म्हणणार, ते म्हणालेच. सुनेचं बरं झालेलं सासूला बघवत नाही. निवृत्त नर्सबाई तर तोंडावर म्हणाल्या, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. मावशी म्हणाली, मग कुणाकडून होती. पण तिचा आवाज नेहमीच्या धारेचा नव्हता.

आणि टपालबाई दारात उभी होती.

तिनं नवा कोट घातला होता, चार महिन्यांपूर्वीचा, मावशीचाच. बटणं न लावता. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या आणि सगळ्यात आधी बेकरीवालीनं नजर खाली घातली. वीस वर्षं काउंटरवर बसून माणसांचे चेहरे वाचलेली बाई ती. तिनं त्या खाली गेलेल्या नजरेकडे बघितलं, भिंतीवरच्या मोकळ्या जागेकडे बघितलं, मावशीच्या हातातल्या कात्रीकडे बघितलं. मावशीनं तिच्या कोपराला धरलं आणि हॉलमागच्या खोलीत नेलं. घडीच्या खुर्च्या, रंगाचे डबे, एक तिरकं टेबल. दाराला कडी होती, तेवढं बरं.

मावशीनं सगळं सांगितलं. लपवलं नाही, आडवळण घेतलं नाही. कागद टेबलावर उलगडला, हातानं घड्या सपाट करायला लागली, त्या होईनात.

टपालबाईनं कागद स्वतःकडे फिरवला.

"किती जणांनी पाहिला?"

"दोनेक तास होता. फोटोही काढलेत काहींनी. कळलंय असं एकीलाच वाटतं, बेकरीवालीला. बाकीच्यांचं मी सांगू शकत नाही."

टपालबाईनं मान हलवली. रडली नाही. मावशी रडण्याच्या तयारीत होती, म्हणजे टपालबाईच्या, आणि त्यासाठी पिशवीतून रुमालही काढून ठेवला होता.

"हा होता कुठं?"

"ट्रंकेत."

"गेलेल्यांच्या?"

"लपवायला गं. तिथं कोण बघतंय."

"म्हणजे दोन वर्षं मी ट्रंकेत आहे."

मावशीला वाटत होतं की आता राग यायचा तो गुपित फुटल्याचा येईल, त्याला तिनं मान वाकवून ठेवली होती. हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

"मला दवाखान्यातसुद्धा कुणी मेलेल्यांत धरलं नाही, मावशी," टपालबाई म्हणाली. "आणि दुसरं विचारू? दोन वर्षांत तुम्ही चार झगे शिवलेत माझे आणि हा कोट. एकदा तरी टेप लावलीत अंगाला?"

नव्हती लावली. दर वेळी मावशी म्हणायची, कागद आहे की, कशाला तुला त्रास. कागदावरून कापायचं, कागदावरून शिवायचं.

"तुला अवघड वाटेल म्हणून."

"मला, की तुम्हाला?"

खोलीत रंगाचा वास होता. बाहेर कुणीतरी खुर्ची सरकवली. मावशीला ती दुपार आठवली, दार आतून लावलेलं, आणि टेप डाव्या बाजूला व्रणाजवळ गेल्यावर आपला हात वीतभर लांब थांबला होता, ते आठवलं. माप तिनं अंदाजानं घेतलं होतं. डोळ्यांनी. तिला वाटलं होतं की ते फक्त तिला माहीत आहे. पण अंगाला हात कळतो, आणि अंगाला न लागलेला हातही कळतो.

"मला," मावशी म्हणाली. एवढंच.

टपालबाईनं कोट काढून खुर्चीवर टाकला. म्हणाली, काखेत आवळतो, पहिल्या दिवसापासून. बटणं लागतच नाहीत. मावशीचा जीव तिथंही दुखावला, तिच्या हातचा कोट आणि आवळतो. सांगितलं का नाहीस, असं तिनं विचारलं. टपालबाई म्हणाली, तुम्ही विचारलं नाहीत. मी जाड झालेय मावशी, दोन वर्षांत. चांगलं खातेय. तुमच्या कागदाला ते कुठून कळणार.

मग ती सरळ उभी राहिली, झग्याची वरची बटणं काढली, आणि हात थोडे बाजूला धरले, शिंप्यापुढे धरतात तसे.

"घ्या आता."

टेप पिशवीत होतीच. मावशी टेपेशिवाय कुठंही जात नसे. तिनं ती काढली आणि हातात गुंडाळत उभी राहिली. संध्याकाळभर ज्या हातांना चैन नव्हतं ते आता नको तेव्हा जड झाले. तेवढ्यात दारावर टकटक झाली.

सून होती. आवाजात राग नव्हता, राग संपल्यावर उरतो तो सपाटपणा होता. ती दाराबाहेरून म्हणाली की सेक्रेटरी विचारतायत तो कागद परत लावणार की नाही. आणि आई, तुम्ही माझं काम कापलंत, निदान कारण तरी मला खरं सांगा.

"थांब. माप घेतेय," मावशी म्हणाली.

सून बाहेरून म्हणाली, "आत्ता?"

टपालबाईनं मावशीकडे बघितलं. "आकडे कोण लिहिणार?"

"माझ्या डोक्यात राहतात."

"ते दिसलंच. कागद खणात होता म्हणालात ना?"

टपालबाई म्हणाली, येऊ द्या तिला. मावशी म्हणाली, बाई, तुझी मर्जी, पण मी तिला अवाक्षर सांगितलेलं नाही, देवाशपथ. टपालबाई म्हणाली, माहितीय, म्हणूनच म्हणतेय. आणि तिनं स्वतः जाऊन कडी काढली.

सून आत आली. तिनं टेबलावरचा कागद बघितला, खालचं बदक बघितलं, मग टपालबाईकडे बघितलं, आणि मग कुठं बघावं ते तिला कळेना. तिच्या चेहऱ्यावर एकामागून एक काय काय येऊन गेलं. सगळ्यात शेवटी ती पाटी आली असावी, कारण तिनं तोंडावर हात धरला. टपालबाई म्हणाली, पेन आहे का तुझ्याकडे. पेन होतं. कशावर लिहू, तिनं विचारलं आणि सवयीनं खाकी कागद ओढला. टपालबाई म्हणाली, त्यावर नको. सुनेनं आपल्या चित्राच्या वहीतलं कोरं पान फाडलं आणि खुर्चीच्या कडेवर बसली.

मावशीनं टेप पाठीमागून घेतली. या वेळी डावा हात थांबला नाही. व्रणावर सपाट तळवा ठेवला, बरगड्यांवर, आणि तो तिथं राहू दिला. अंग गरम होतं. श्वास आत गेला, बाहेर आला.

"श्वास सोड. पोट आत ओढू नकोस, मला फसवून काय मिळणार तुला. छाती, साडेअडतीस. लिहिलं?"

"लिहिलं, आई."

"नीट काढ आकडा, मला वाचायचाय. डावी बाजू वेगळी. मध्यापासून काखेपर्यंत, आठ. उजवी साडेनऊ. बाहीचा मुंढा... हात वर कर गं. सतरा. बघ, आवळणारच. दीड इंच वाढलीस."

सून लिहीत होती. मान खाली, पेन भराभर. एकदा तिनं नाक ओढलं. मावशी म्हणाली, कागद भिजवू नकोस. बाहेरून सेक्रेटरींचा आवाज जवळ आला, लांब गेला. कुणीतरी विचारत होतं की मावशी गेल्या का घरी.

"बाहेर मी काय सांगू?" सुनेनं विचारलं. आवाज आता सपाट नव्हता.

मावशीनं टेप टपालबाईच्या छातीभोवती धरूनच मान वळवली. "सांग, सासू खवीस आहे. कुणालाही पटेल."

टपालबाईला हसू फुटलं. दाबायला गेली तर आणखी आलं, खांदे हलले, मावशीच्या बोटांतून टेप निसटली आणि पायाशी पडली. सून वाकून टेप उचलून देताना तीही हसत होती की रडत, ते मावशीला चष्म्यातून नीट दिसलं नाही.

"हलू नकोस," मावशी टपालबाईला म्हणाली. "आता पहिल्यापासून घ्यावं लागेल." आणि पहिल्यापासून घ्यायला लागली.